शेपटावरचा ओघळ

दर बुधवारी बसथांब्याजवळच्या वर्तमानपत्रांच्या टपरीवर नवं हेलिकॉप्टर येतं. पुठ्ठ्याला बांधलेलं, वर प्लॅस्टिकचं झाकण, सोबत एक पातळ मासिक. किंमत एवढी कमी, की टपरीवाली ते सिगारेटच्या पाकिटांशेजारीच टांगून ठेवते. अंग ओतीव धातूचं, त्यामुळे हातात घेतलं की थंड आणि वजनदार लागतं. रंग मात्र वाईट. कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात कुणीतरी जाड, चकचकीत हिरवा फासतं, वर लाल तारा डकवतं आणि मोकळं होतं. आमच्या हवाई तळावर असलं हिरवं कधीच नव्हतं.

मिन्चो आणि मी ते घरी आणतो आणि मोडतो.

मोडणं माझ्या नवऱ्याचं काम. पोटाखालची दोन रिव्हेटं तो लहान ड्रिलनं कोरून काढतो, मग अंग अक्रोडासारखं दोन फाकांत उघडतं. त्या फाका कॉस्टिक सोड्याच्या बरणीत टाकायच्या. तासाभरात रंग फुगतो, सुरकुततो, उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखा सुटतो, आणि खाली करडा, नागडा धातू उरतो. “झाली आंघोळ,” मिन्चो म्हणतो, आणि बरणी माझ्याकडे सरकवतो. पुढचं माझं. मी एकतीस वर्षं तळाच्या रंगशाळेत होते. खऱ्या हेलिकॉप्टरांवरचे आकडे, बल्गेरियाचा पांढरा-हिरवा-लाल गोल, ‘इथे पाय देऊ नये’ अशा बारीक सूचना, सगळं माझ्या हातचं. मिन्चो त्याच यंत्रांचा जमिनीवरचा मेकॅनिक. त्यानं नट आवळायचे, मी आकडा लिहायचा. आमचं लग्नही तसंच जुळलं, एका शेपटाखाली, तो ग्रीसनं माखलेला आणि मी पांढऱ्या रंगानं.

आता ती यंत्रं भंगारात गेली. तळाच्या धावपट्टीवर गवत वाढलंय, मेंढ्या चरतात. आम्ही दोघं काँक्रीटच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या टेबलावर, एकेक यंत्र पुन्हा उभं करतो. जुन्या पलटणीतली माणसं येतात, आपापलं मागून नेतात. बुधवारी गेंचो तर हमखास यायचा. तो आमच्याच धावपट्टीवर इंधनाची गाडी चालवायचा. टेबलाशी बसायचा, घोटभर राकिया, म्हणजे आमच्याकडची फळांची दारू, घ्यायचा, आणि माझ्या कामाला नावं ठेवायचा.

“वहिनी, हा हिरवा आहे की कालची पालकाची भाजी?”

“वाळला की उतरतो. तुझ्यासारखा नाही, वाळूनही तस्साच.”

“मिन्चो, बायकोला आवर.”

“चाळीस वर्षं आवरतोय. तू आवरून बघ,” मिन्चो भिंगावरून मान न उचलता म्हणायचा.

आमच्यात एक रीत आहे. कुणी हेलिकॉप्टर मागितलं की पहिला प्रश्न नंबराचा, आणि दुसरा दिवसाचा. कुठल्या दिवसाचं हवं? कारण यंत्र रोज एकसारखं दिसत नाही. चिखलाच्या दिवसात चाकांवर माती, उन्हाळ्यात धुराड्यामागे काजळीची जीभ, एखाद्या दाराच्या जागी दुसऱ्याच यंत्राचं दार बसवलेलं म्हणून वेगळा हिरवा. माणसं सांगतात, पहिल्यांदा एकटा उडालो त्या दिवसाचं, पुरातून लोक काढले त्या दिवसाचं. शेवटचा दिवस कुणी मागत नाही. मागितला तरी आम्ही करत नाही.

ऑक्टोबरात, सगळी इमारत भाजलेल्या लाल मिरच्यांच्या वासानं भरलेली असते अशा एका सकाळी, सेव्दामावशी जिने चढून आली. एकोणऐंशी वर्षांची बाई, काळे कपडे, काळा रुमाल. दारातच भिंतीला टेकून उभी राहिली.

“लिफ्ट बंद आहे का गं तुमची?”

“आठ वर्षं झाली, मावशी.”

“मग ठीक. मला वाटलं मीच म्हातारी झाले.”

ती बसली. मी पाणी दिलं. टेबलावर वाळत असलेली तीन यंत्रं तिनं पाहिली, बोट मात्र लावलं नाही.

“तुम्ही खेळणी करता म्हणे.”

“खेळणी नाहीत ती,” मिन्चो म्हणाला.

“उडतात?”

“नाही.”

“मग खेळणीच.” तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोटो काढला. “मला एक करून द्या. इवायलोचं. अठ्ठावन्न नंबर. थडग्यावर दिवा ठेवायची काचेची पेटी आहे ना, तिच्यात ठेवीन. नोव्हेंबरातला मृतांचा शनिवार येतोय, त्याच्या आत पाहिजे.”

“कुठल्या दिवसाचं हवं?” माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“त्याचे दिवस होते किती? शेवटच्या दिवसाचं.”

मिन्चोच्या हातातला ड्रिल बंद झाला. “शेवटच्या दिवसाचं आम्ही करत नाही, मावशी. तशी रीत नाही.”

“कुणाची रीत? बापजाद्यांची? या टेबलावर बसून तुम्ही दोघांनीच काढलेली ना ती.” तिनं फोटो माझ्यापुढे सरकवला. “सकाळी त्याच्या सोबत्यानं काढला होता. रीळ मागाहून धुतलं. पंचवीस वर्षं बघतेय, मला त्यात नुसतं त्याचं तोंड दिसतं. तुम्हाला बाकीचं दिसेल.”

ती गेल्यावर मिन्चो बाल्कनीत गेला आणि बराच वेळ मिरच्या उलटत राहिला. त्या कधीच भाजून झाल्या होत्या.

इवायलो मावशीचा मुलगा, अठ्ठावन्नचा वैमानिक, सव्वीस वर्षांचा होता. सरावाच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, अठ्ठावन्न नंबर पॉपलरच्या रांगेमागे भोवऱ्यासारखं गरगरत खाली गेलं. तिघं होते आत. तिघंही जळाले. चौकशी समितीनं लिहिलं, वैमानिकाची चूक, फार खाली आणून फार जोरात वळवलं. तळाच्या बागेत संगमरवरी पाटी बसली तेव्हा तिच्यावर दोनच नावं होती. ज्यानं दोघांना मारलं त्याचं नाव त्यांच्या शेजारी कसं लिहायचं, असं लोक म्हणाले. त्या दोघांतला एक गेंचोचा धाकटा भाऊ. गेंचो इवायलोच्या मूठमातीला आला होता, आणि मातीवर थुंकून गेला होता. सेव्दामावशीनं ते पाहिलं होतं. त्यानंतर पंचवीस वर्षं ती आमच्या गावात राहिली ती अशी, की पावाच्या रांगेत तिच्यापुढे एक जागा मोकळी आणि मागे एक.

बुधवारी त्या जातीचं यंत्र टपरीवर होतंच. ते मोडलं. कारखान्यानं शेपटाचा पंखा उजवीकडे बसवला होता, जुन्या जातीसारखा. आमच्या यंत्रांचा डावीकडे. असं असलं की मिन्चो खूश होतो, शिव्या घालत घालत पंखा कापतो, डावीकडे सुईएवढं भोक पाडून तारेनं बसवतो. या वेळी शिव्या नव्हत्या. भोक पाडताना दोनदा ड्रिलची सुई मोडली.

“फोटोत बघ ना जरा, किती उंचीवर आहे ते,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे उंची.”

त्यानं फोटोकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, इवायलोचं तोंड बघवत नसेल. तो पोरगा मिन्चोला दादा म्हणायचा.

मी वरच्या पंख्याची प्लॅस्टिकची पाती गरम पाण्यात धरून वाकवली. टपरीच्या यंत्रांची पाती सरळ ताठ असतात, उडतानाही नसतात तशी. खरं हेलिकॉप्टर उभं असलं की त्याची पाती खाली झुकतात, ओझं उतरवून बसलेल्या बाईच्या खांद्यांसारखी. मग करडा थर, मग हिरवा, तपकिरी, पोटाला फिक्कट निळा. मग आकडे. मोठा अठ्ठावन्न अंगावर, धाकटा शेपटाच्या उभ्या पात्यावर. धाकट्यासाठी मी फोटो भिंगाखाली घेतला.

इवायलो शेपटाजवळ उभा, टोपी हातात, हसतोय. त्याच्या खांद्यावरून शेपटाचं उभं पातं दिसतं, पात्यावर माझा आकडा. तो मी लगेच ओळखला. पाहुणे येणार म्हणून सरावाच्या आठच दिवस आधी मी अठ्ठावन्नच्या सगळ्या आकड्यांना नवी पांढरी कड दिली होती. फोटोत ती कड ताज्या चुन्यासारखी पांढरी होती. आणि त्या पांढऱ्यावरून, आठाच्या वरच्या पोटातून, केसाएवढी काळी रेघ खाली उतरली होती.

आधी वाटलं, फोटोला ओरखडा पडलाय. बोट फिरवलं, गुळगुळीत. खिडकीशी नेऊन तिरपा धरला. रेघ वर जाऊन शेपटाच्या पंख्याच्या मुळाशी पोचत होती, जिथे छोटी गिअरबॉक्स असते तिथे. आणि ती रेघ चमकत होती. वाळलेला मळ चमकत नाही. माझ्या आठ दिवसांच्या रंगावरून ताजं तेल वाहत होतं.

शेपूट कोरडं होतं. हे वाक्य मी या घरात पंचवीस वर्षं ऐकलंय. समितीपुढे मिन्चो म्हणाला होता, शेपूट कोरडं होतं. राकियाचे दोन घोट जास्त झाले की गेंचोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, शेपूट कोरडं होतं रे, पोरानंच वळवलं. मीही ते दुकानात, बसमध्ये, लोकांना सांगितलं होतं. सेव्दामावशीच्या पुढ्यात नाही सांगितलं. पण तिच्या कानावर जाणार नाही असंही नव्हतं.

मिन्चो बाल्कनीत बरण्यांची झाकणं आवळत होता.

“अठ्ठावन्नचं शेपूट कोरडं होतं ना?” मी विचारलं.

तो वळला नाही. “सगळीच गळायची. गळत नसेल तर समजायचं, तेल संपलंय.”

हा तळावरचा विनोद. सगळे सांगायचे आणि सगळे हसायचे, मीसुद्धा.

“सगळ्यांचं नाही विचारलं मी.”

त्यानं एक झाकण आवळलं, सैल केलं, परत आवळलं. मग खाली बादलीवर बसला.

“गिअरबॉक्सचं तेल अडवणारं सील गेलं होतं,” तो म्हणाला. “तीन आठवडे मागत होतो, कोठारात नव्हतं. मोठा साहेब म्हणाला, पाहुणे दुपारपर्यंतच आहेत, तेल भर आणि सोड. भरलं. फडकं घेऊन पुसलं. पोरानं बघितलं होतं, विचारलं, दादा, हे काय? मी म्हटलं, काही नाही, पुसलंय, जा.”

“आणि तपासणीच्या वहीत?”

“वहीत कोरडं लिहिलं. सही केली. समितीनं वही बघितली, शेपूट तर जळून गेलं होतं.”

“आणि मला?”

“तू विचारलंस का कधी?”

ते खरं होतं. त्या रात्री तो घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात तेलकट फडकं होतं. मी ते उकळत्या पाण्यात टाकलं आणि काही विचारलं नाही. मेकॅनिकच्या खिशात फडकं असणारच, असं मी मनाशी म्हटलं होतं. पंचवीस वर्षं पुरेल इतकं म्हटलं होतं.

“मावशीला ते दिसत नाही,” मिन्चो म्हणाला. “एवढ्या वर्षांत दिसलं नाही. आता मरायच्या वयात तिला कशाला? वेलिका, सगळं रंगव. तेवढं सोड.”

मी सगळं रंगवलं. आकडे, गोल, दाराच्या कडेची घासलेली जागा, धुराड्यामागची काजळी. वर वार्निशचा हात दिला, वाळू दिला. तेवढं सोडलं होतं. चार दिवस ते यंत्र कपाटावर होतं आणि मला भाजी चिरताना, केस विंचरताना, त्याचं स्वच्छ शेपूट दिसत होतं. पाचव्या दिवशी मी काळ्या रंगात थोडं जवसाचं तेल मिसळलं, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि एका श्वासात ती रेघ ओढली.

वार्निशच्या वर. हे सांगायला हवं. खाली घेतली असती तर कायमची राहिली असती. वर ओढली, म्हणजे धीर सुटला तर वाटेत अंगठ्यानं पुसता येईल. मला वाटत होतं, ब्रशनं सांगून टाकलं, आता तोंड उघडायला नको. मावशीला कळलं तर कळलं. माझं शौर्य एवढंच होतं, केसाएवढं, आणि तेही ओलं.

मिन्चोनं रेघ पाहिली. गुरुवारी मी निघाले तेव्हा तोही कोट घालून बरोबर आला.

सेव्दामावशीचं घर गावाच्या टोकाला, द्राक्षवेलीच्या मांडवामागे. तिनं आम्हाला बसवलं, काचेच्या बशीत बिहीचा मुरंबा आणि थंड पाण्याचे पेले ठेवले. मग यंत्र दोन्ही हातांत घेतलं, गरम पाव घेतात तसं.

“इथे बसायचा?”

“डावीकडच्या काचेमागे,” मी म्हटलं.

तिनं काचेला डोळा लावला. आत काय असणार, करडा धातू. तरी बघत राहिली. मग यंत्र हळूहळू फिरवत शेपटापर्यंत आली.

“हे काय गं, घाण लागली,” ती म्हणाली, आणि रुमालाचं टोक जिभेवर ओलं करून, शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तसं तिनं शेपूट पुसलं. वरची अर्धी रेघ गेली.

मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. एवढ्यात मिन्चो म्हणाला, “पुसू नको, मावशी.”

“डाग आहे रे.”

“डाग नाही. तेल आहे.”

तिचा हात थांबला.

“त्या दिवशी होतं. फोटोत आहे बघ, त्याच्या खांद्यावरून. मी पुसलं होतं. असंच.” त्याचा आवाज आमच्या घरातला नव्हता, कुठल्यातरी रिकाम्या पत्र्याच्या शेडमधून आल्यासारखा होता. “सील गेलं होतं. शेपटाची गिअरबॉक्स कोरडी पडून अडकली असणार. पंखा थांबला की यंत्र गरगरतं, मग वैमानिकाच्या हातात काही राहत नाही. त्यानं वळवलं नव्हतं.”

मावशीनं यंत्र टेबलावर ठेवलं, अगदी हळू, चाकं आधी.

“त्याला माहीत होतं?”

“त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुसलंय, जा.”

“आणि तो गेला.”

“हो.”

“तुझ्या शब्दावर.”

मावशी उठली. त्याच्यासमोरची मुरंब्याची बशी उचलली, चमचा उचलला, पाण्याचा भरलेला पेला उचलला, मोरीत नेऊन ओतलं आणि भांडी विसळून ठेवली. माझी बशी तिथेच राहू दिली. मग ओल्या हातांनी दारात उभी राहिली.

“मला काय सांगतोस? त्याची चूक नव्हती हे मला तेव्हाच माहीत होतं. मी आई आहे, मला पुरावा लागत नाही. ज्यांना लागतो त्यांना सांग. शनिवारी ये. सगळे असतील तेव्हा, त्याच्यापाशी उभा राहून सांग. मोठ्यानं.”

मी यंत्राकडे हात केला. “रेघ परत ओढून देते, मावशी.”

“राहू दे. अर्धी पुरे.”

शुक्रवारी गेंचोचा फोन आला, सकाळी गाडी घेऊन येतो, दरवर्षीसारखा. मिन्चोनं फोन ठेवला आणि बूट काढून पॉलिश करायला बसला.

“जाणार आहेस?” मी विचारलं.

“बूट पुसतोय ना.”

“ते तू लग्नालाही पुसतोस.”

“वेलिका,” तो ब्रश थांबवून म्हणाला, “तू ती रेघ ओढली नसतीस तर मी तसाच मेलो असतो. बरं वाटलं असतं मला.” आणि पुन्हा घासू लागला. तो रागानं बोलला की दुःखानं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

नोव्हेंबरातला मृतांचा शनिवार पुरुषांचा मानतात, सैनिकांचा. त्या दिवशी जुन्या पलटणीतलं कुणी घरी राहत नाही. कबरस्तानात पत्र्याच्या डब्यांतून धुपाचा धूर निघत होता, चिखलात मेणबत्त्या रोवलेल्या होत्या, बायका साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाची पातेली घेऊन एका थडग्यापासून दुसऱ्याकडे फिरत होत्या. ज्याच्या हातावर गहू पडतो त्यानं म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. असं म्हणूनच खायचं.

इवायलोचं थडगं कडेला, शेवटच्या रांगेत. काचेच्या पेटीत दिव्याशेजारी अठ्ठावन्न नंबर उभं होतं, पाती खाली झुकलेली. मावशी गुडघ्यावर बसून गात होती. या वयात आवाज तुटतो, पण चाल तुटत नव्हती.

ऊठ ऊठ रे पाखरा, दव सरलं गवताचं,
तुझ्या सदऱ्याचं बटण राहिलं रे लावायचं.
आभाळाच्या वाटेला नाही कुंपण, नाही दार,
कुण्या उंबऱ्याशी बसू, मोजू किती शनिवार.

गाणं संपल्यावर ती उठली आणि तीन रांगा पलीकडे, भावाच्या थडग्यावर वाइन ओतत असलेल्या गेंचोला हाक मारली.

“गेंचो. इकडे ये.”

तो चपापला. पंचवीस वर्षांत तिनं त्याला हाक मारली नव्हती. बाटली हातात तशीच घेऊन आला, त्याच्यामागे आणखी सात-आठ जण आले. धुरात त्यांची तोंडं करडी दिसत होती. मिन्चोनं टोपी काढली. थडग्याकडे तोंड करून, माणसांकडे पाठ करून, त्यानं सांगितलं. सील, साहेब, तेल, फडकं, वही. सगळं मिळून दहा वाक्यं झाली असतील. शेवटी म्हणाला, “त्यानं मला विचारलं होतं. मी जा म्हटलं.”

एक जण टोपी घालून निघून गेला, मग दुसरा. गेंचो तिथेच उभा होता.

“म्हणजे मी थुंकलो,” तो थडग्याकडे बघत म्हणाला. मग मिन्चोकडे पाहिलं. “दर बुधवारी. दर बुधवारी बसलो रे तुझ्या टेबलावर.”

मावशीनं पातेलं उचललं. पहिली मूठ गेंचोला दिली. त्याचे ओठ हलले, देव त्याला, आणि तिनं हात वर केला.

“ते नको. पंचवीस वर्षं तुम्ही सगळे तेच म्हणत आलात, आणि दरवेळी मला वाटायचं, हे त्याचा गुन्हा मोजताहेत. आज काही म्हणू नका. नुसतं खा.”

गेंचोनं खाल्लं. उभ्या उभ्या, रडत, दाण्यादाण्यानं. मग बाकीच्यांनी. कुणी काही म्हटलं नाही. त्या कबरस्तानात असं न बोलता गहू खाणारे आम्हीच.

पातेलं आमच्याकडे आलं. मिन्चोनं तळहात पुढे केला. मावशीनं तो पाहिला, त्याच्यावरून पातेलं नेलं आणि माझ्या हातावर मूठ रिकामी केली. मोठी मूठ होती, दोघांना पुरेल एवढी.

“खा, पोरी,” ती म्हणाली.

माझ्या शेजारी त्याचा तळहात तसाच उघडा होता. कडेकडेनं भेगा, नखांत चाळीस वर्षांचं काळं, जे कुठल्याच साबणानं निघत नाही. अर्धे दाणे त्यावर सारायला काय लागलं असतं? मनगट जरासं वळवायचं. मावशीही बघत नव्हती, ती पुढच्या माणसाकडे वळली होती. मी बघितलं काचेच्या पेटीकडे. मग हात तोंडाशी नेला आणि खाल्लं. सगळं. साखर दातांना चिकटली, अक्रोडाचा तुकडा जिभेखाली अडकला, तोही चावला. एक दाणा हातावर उरला होता, तोही उचलला.

मिन्चोनं हात खिशात घातला.

गेंचोची गाडी आमच्याशिवाय गेली. घरापर्यंत चार किलोमीटर, दोन्ही बाजूंना नांगरलेलं काळं शेत, वर कावळे. तो पुढे चालत होता, मी मागे. पुलाजवळच्या उतारावर त्याचा पाय चिखलात घसरला तेव्हा मी पुढे होऊन त्याचा हात धरला. हात गार पडला होता. मी तो घरापर्यंत सोडला नाही.